टेंडरमधली ती दोन पानं कोणाच्या गळ्यात घालायची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: रबाळेला एमआयडीसीत चौदा मजली ऑफिस बिल्डिंग, तुम्ही कॉन्ट्रॅक्टरकडे प्लॅनिंग इंजिनिअर, पायलिंग अर्ध्यावर आलंय, क्लायंट लिस्टेड कंपनी आहे आणि टेंडरमध्ये सस्टेनेबिलिटीची (पर्यावरण जपायच्या अटींची) दोन पानं आहेत जी रेट भरताना कोणीच धड वाचली नाहीत. आता प्रत्येक मीटिंगला क्लायंट त्याबद्दल विचारतोय आणि तुमचे साहेब म्हणतायत की ग्रीन कन्सल्टंटला दे, तो बघेल, आपण स्लॅब बघू. आणि तुम्ही विचारताय की ह्या सगळ्याचा प्रोजेक्ट यशस्वी व्हायला खरंच काही उपयोग आहे, की नुसता खर्च आणि कागद?

मी एकोणीस वर्षं ह्या लाइनमध्ये आहे. आधी साइट इंजिनिअर, मग तीन वर्षं बिलिंग, आता प्रोजेक्ट मॅनेजर, आणि सगळं काम घोडबंदर ते उलवे ह्याच पट्ट्यात. माझं मत सांगते. तुमचे साहेब म्हणतात तसं केलंत तर तो नक्कीच नुसता खर्च आणि कागद होणार, ते स्वतःच ती भविष्यवाणी खरी करणार. पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न "उपयोग आहे का" हा नाहीच. निर्णय कधी घेतला, आणि खर्च कोणाच्या खात्यातून गेला नि फायदा कोणाच्या खात्यात पडला, हा आहे. हे दोन जुळले की ह्याच गोष्टी वेळ वाचवतात, नाही जुळले की ह्याच गोष्टी तुमच्या शेड्यूलच्या मुळावर येतात. मी दोन्ही बघितलंय, आणि दुसरं माझ्याच हातून झालंय, म्हणून तेच आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी ठाण्यात एक रेसिडेन्शियल टॉवर होता, अ‍ॅल्युमिनियम शटरिंगवर, सात दिवसांची स्लॅब सायकल, म्हणजे दर सात दिवसांनी एक मजला, कबूल करून बसलेलो. काम सुरू झाल्यावर, बेसलाइन शेड्यूल क्लायंटने साइन केल्यावर, कन्सल्टंटने सांगितलं की सिमेंट कमी करा, जीजीबीएस म्हणजे स्लॅग ५० टक्के टाका, कार्बन कमी होतो. टेक्निकली चुकीचं काहीच नव्हतं. सिमेंटचा क्लिंकर बनवताना किलोमागे साधारण ०.८ ते ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, स्लॅग हा स्टील प्लांटचा उरलेला माल, त्यामुळे तिथे बचत खरी आहे, शिवाय काँक्रीट खाडीच्या खाऱ्या हवेत जास्त टिकतं. मी हो म्हटलं. हो म्हणताना एक साधी गोष्ट विसरले, स्लॅगच्या काँक्रीटची ताकद सुरुवातीच्या दिवसांत हळू चढते. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, शटरिंग काढायचे जे दिवस दिलेत ते ओपीसी म्हणजे साध्या, काही न मिसळलेल्या सिमेंटसाठी आणि १५ डिग्रीच्या वरच्या तापमानासाठी आहेत, हे मला पाठ होतं तरी. डिसेंबर आला, रात्री गार पडायला लागलं आणि शटरिंगचा ठेकेदार सकाळी क्यूब टेस्टचा (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद बघतात त्याचा) आकडा बघून म्हणाला, "मॅडम, आज खोलायला नको, कोपरे तुटतील." सात दिवसांची सायकल दहा दिवसांवर गेली. मजल्यामागे तीन दिवस. तुम्ही प्लॅनिंगवाले आहात, गुणाकार तुम्हीच करा. आणि मग सगळ्या साइटवर एकच बोलणं, ग्रीनच्या नादात काम बसलं.

तेच स्लॅग पुढच्या प्रोजेक्टला मी पायाच्या जाड काँक्रीटमध्ये, म्हणजे राफ्टमध्ये आणि पाइल कॅपमध्ये वापरलं. तिथे हळू ताकद चढणं हा फायदाच असतो, कारण जाड काँक्रीट आतून तापतं, आमच्या स्पेसिफिकेशनला आतलं तापमान ७० डिग्रीच्या वर आणि आत-बाहेरचा फरक २० डिग्रीच्या वर जाऊ द्यायचा नव्हता, स्लॅगने उष्णता कमी झाली आणि काँक्रीट थंड ठेवायला बर्फाच्या लाद्या कमी लागल्या. स्ट्रक्चरल कन्सल्टंटला आधी भेटून स्ट्रेंग्थ २८ ऐवजी ५६ दिवसांना मोजायची लेखी परवानगी घेतली, राफ्टवर पूर्ण लोड यायला तसेही महिने लागतात, त्यामुळे त्यांची हरकत नव्हती. स्लॅबचं मिक्स मात्र वेगळं, त्यात स्लॅग कमी. माल तोच, इरादा तोच, पण एकदा शेड्यूल ठरल्यावर घुसवला आणि एकदा शेड्यूल ठरताना बसवला. तुमचं पायलिंग चालू आहे म्हणजे राफ्ट अजून तुमच्या हातात आहे, हे नशीबच म्हणा. एक लक्षात ठेवा, ब्लेंडेड (स्लॅग-राख मिसळलेलं) सिमेंट किंवा मिनरल अ‍ॅडमिक्स असेल तर क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) किमान १० दिवस, कोरड्या गरम हवेत १४, ओपीसीचे ७ दिवस इथे चालत नाहीत. म्हणजे पाणी जास्त लागणार, ते कुठून आणणार हेही आताच ठरवा.

आता खात्यांचा भाग, इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण नव्वद टक्के साइट्स इथेच गंडतात असं माझं प्रामाणिक मत आहे.

एएसी ब्लॉकचं, म्हणजे भिंतीच्या हलक्या सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकचं उदाहरण घ्या. हलका, फ्लाय अ‍ॅश वापरलेला, लाल विटेच्या एक तृतीयांश वजन, ग्रीन रेटिंगला चालतो, सगळं बरोबर. पण साइटवर जाऊन बघा, प्रत्येक मजल्यावर तुकड्यांचा ढीग. का? आमच्याकडे बीमखाली उंची होती २,४०० मिमी. ब्लॉक २०० चा, केमिकल मॉर्टरचा जॉइंट ३ मिमीचा. अकरा थर लावले की २,२३३ होतात, उरले १६७. म्हणजे प्रत्येक भिंतीचा शेवटचा थर कापायचाच, आणि गवंडी कापतो म्हणजे थापीच्या एका फटक्यात दोन तुकडे करतो, त्यातला एक कामाचा, एक कचऱ्याचा, कधीकधी दोन्ही कचऱ्याचे. मधे जो आरसीसी पट्टा देतात तो आमचा १०० चा होता, तो धरला तरी वर पासष्टच्या आसपास भोक राहत होतं ज्यात ब्लॉकही बसत नाही आणि मसाला भरला तर क्रॅक जातो. एका संध्याकाळी मी आणि माझा ज्युनिअर टेप घेऊन बसलो आणि पट्टा १५० चा करून बघितला. वर उरले १५ मिमीच्या आसपास, आणि तेवढी गॅप बीमखाली तशीही सोडायची असते. कापाकापी जवळजवळ बंद. स्ट्रक्चरलवाल्यांनी दुसऱ्या दिवशी ओके दिलं. ह्याला कोणी सस्टेनेबिलिटी म्हणणार नाही, ह्याला ड्रॉइंग नीट बघणं म्हणतात, पण डेब्रिजचे डंपर कमी झाले, ब्लॉकची ऑर्डर कमी झाली आणि गवंडी रोज जास्त भिंत उभी करायला लागला.

पण गंमत पुढे आहे. एवढं करूनही एका विंगमध्ये वेस्टेज कमी होईना. कारण ब्लॉक आमचा, मजुरी ठेकेदाराची चौरस मीटरवर, त्यामुळे ब्लॉक फुटला तर त्याचं काय जातंय? उलट कापत बसण्यापेक्षा नवीन उचलला तर त्याचा वेळ वाचतो. खर्च आमच्या खात्यात, फायदा त्याच्या. पुढच्या वर्क ऑर्डरमध्ये मी एकच ओळ घातली, ३ टक्क्यांपर्यंत वेस्टेज आमचं, त्यावर गेलं तर डेबिट, खाली राहिलं तर वाचलेल्यातला अर्धा हिस्सा तुझा. पोस्टर नाही, ट्रेनिंग नाही. पंधरा दिवसांत त्याने स्वतः कटर मशीन आणलं आणि तुकडे गोळा करून खिडकीच्या कडेला वापरायला लागला. ह्या एका ओळीने जे झालं ते कन्सल्टंटच्या चाळीस पानी रिपोर्टने झालं नव्हतं. (त्या रिपोर्टच्या कव्हरवर हिरव्या पानावर दवबिंदूचा फोटो होता. असतोच.)

डेब्रिजवरून आठवलं, ह्यात आता मर्जीचा प्रश्न राहिलेला नाही. २०१६ च्या सी अँड डी वेस्ट (बांधकाम-पाडकामाचा मलबा) नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांच्या वर मलबा निघत असेल तर काँक्रीट, माती, स्टील-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-मसाला असे चार ढीग वेगळे करायचं बंधन आलं. २०२५ मध्ये नवीन नियम आलेत, १ एप्रिल २०२६ पासून लागू आणि त्यात २०,००० चौरस मीटर बिल्टअप आणि त्यावरच्या प्रोजेक्टवर जबाबदारी बरीच वाढलीय. तुमचा बिल्टअप किती ते तपासा. २०,००० च्या वर असाल तर पर्यावरण मंजुरीही लागलेली असणार, ती फाइल क्लायंटकडून मागवा आणि त्यातल्या अटी टेंडरच्या दोन पानांशी ताडून बघा, अर्ध्या गोष्टी त्याच निघतील. चार ढिगांसाठी जागा लागते आणि एमआयडीसीच्या प्लॉटवर जागा हीच सगळ्यात महाग गोष्ट, त्यामुळे साइट लेआउटमध्ये आत्ता चौकोन आखून टाका. नंतर तिथे स्टील यार्ड येऊन बसेल आणि कोणी हलवणार नाही.

आणि धूळ. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई महापालिकेने धुळीची नियमावली काढली, ७० मीटरपेक्षा उंच बिल्डिंगला ३५ फूट पत्रा, स्प्रिंकलर, गाड्यांची चाकं धुणं वगैरे. आपल्याकडेही तेव्हापासून साइट्स तपासणं वाढलं. आमच्या एका साइटला काम थांबवायची नोटीस आली, कारण काय तर व्हील वॉश नाही आणि डंपरच्या चाकांनी मेन रोडवर माती. व्हील वॉशच्या खड्ड्याचा खर्च मी "नंतर बघू" म्हणून तीन महिने ढकललेला. सहा दिवस काम बंद, क्रेन उभी, दीडशे माणसं कॅम्पमध्ये बसून. तेवढ्या पैशात दहा व्हील वॉश झाले असते. ही गोष्ट रिस्क रजिस्टरमध्ये (धोक्यांच्या यादीत) पहिल्या दिवशी असायला हवी होती, आणि ती होती कुठे, तर एन्व्हायर्न्मेंटच्या फाइलमध्ये, जी ऑडिटच्या आदल्या दिवशी उघडायची असते.

विजेचं जरा वेगळं आहे, आणि इथे मी थोडं उलटं बोलणार. साइटवर डीजी (डिझेल जनरेटर) कमी चालवा म्हणजे कार्बन वाचतो असं सगळे सांगतात. हिशोब करून बघा. एक लिटर डिझेलमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, चांगल्या लोडवर लिटरला तीन-साडेतीन युनिट मिळतात, म्हणजे युनिटमागे ०.८ किलोच्या आसपास. आपल्या ग्रिडची वीज बहुतेक कोळशावरची, तिचंही युनिटमागे साधारण ०.७. फरक आहे पण डोळे दिपवणारा नाही. खरा फरक धुरात, आवाजात आणि पैशात. डिझेल नव्वदच्या आसपास धरलं तर नुसत्या इंधनाचेच युनिटला २६ ते ३० रुपये होतात, आणि मोठा डीजी रात्री चार बल्बसाठी चालू ठेवला की लिटरला अडीच युनिटही मिळत नाहीत, मग कार्बन पण बोंबलला आणि पैसे पण. म्हणून महावितरणच्या तात्पुरत्या कनेक्शनचा अर्ज ही शेड्यूलमधली अ‍ॅक्टिव्हिटी करा, तारीख टाका, मागे लागायला एका माणसाचं नाव टाका. आमच्या बहुतेक साइट्सवर तो अर्ज "कोणीतरी केला असेल" ह्या खात्यात असतो आणि टॉवर क्रेन उभी राहिली तरी डीजीच धडधडत असतो.

पाण्याचं थोडक्यात. नवी मुंबईत महापालिका कोपरखैरणे आणि ऐरोलीच्या प्लांटमधून सांडपाण्यावर प्रक्रिया करून टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या उद्योगांना पाणी देते, तुम्ही रबाळेलाच आहात, चौकशी करा. पण ते पाणी सरळ काँक्रीटमध्ये ओतू नका. धूळ बसवायला, चाकं धुवायला, टॉयलेटला बिनधास्त. मिक्सिंग-क्युरिंगसाठी आधी लॅब टेस्ट, आरसीसीला क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत आणि पीएच ६ च्या वर पाहिजे. आणि कोणी म्हणेल पावसाचं पाणी साठवून क्युरिंग करू, तर ऐकायला छान आहे, आपल्याकडे पाऊस पण धो धो, पण पाऊस चार महिने आणि क्युरिंगची गरज उरलेले आठ महिने, तेवढी मोठी टाकी कंस्ट्रक्शनच्या काळात कोणी बांधत नाही.

माणसांचा विषय लोक सस्टेनेबिलिटीत धरतच नाहीत, मी धरते. उलव्याच्या एका साइटवर कॅम्पला टँकरचं पाणी, टाकी उघडी, आणि ऐन फिनिशिंगच्या वेळी टाइल्सची अख्खी गँग जुलाब-उलट्यांनी आठवडाभर आडवी. निम्मे गावाला गेले ते परत आले नाहीत. नवीन गँगने आमचं टॉयलेटचं टाइल लेव्हल शिकेपर्यंत तीन फ्लॅट फोडावे लागले. झाकण असलेली टाकी, फिल्टर, पुरेसे संडास, पन्नासच्या वर बायका कामावर असतील तर पाळणाघर, हे शेवटचं तर १९९६ च्या बांधकाम मजूर कायद्यातच होतं. होळीला गेलेली माणसं परत कुठे येतात माहितीये? जिथे कॅम्प बरा असतो तिथे. दोन रुपये रोज जास्त मिळतात तिथे जातील असं आपल्याला वाटतं, पण तसं दरवेळी होत नाही.

शेवटचा टप्पा सगळ्यात दुर्लक्षित. आपण म्हणतो बिल्डिंग झाली, आणि ओसी (वापर परवाना) अडकते ती एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया टाकी) चालू नाही, रेन वॉटरचे खड्डे खणलेच नाहीत, सोलर बसवलं पण जोडलं नाही ह्यावरून. एसटीपीची तर मजाच आहे, ती चालू करायला सांडपाणी लागतं आणि बिल्डिंगमध्ये माणसंच नाहीत तर सांडपाणी कुठून आणणार? आम्ही पहिल्यांदा हँडओव्हरच्या दहा दिवस आधी जागे झालो. मग शेजारच्या चालू प्लांटमधून टँकरभर स्लज मागितला, भिवंडीच्या बाजूच्या एका तबेल्यातून टेम्पोभर शेण आणलं, टाकीत कालवलं, लेबर कॅम्पची लाइन फिरवून त्यात सोडली. बॅक्टेरिया तुमच्या हँडओव्हरची तारीख बघून वाढत नाहीत, दोन-तीन आठवडे घेतातच. क्लायंटची मंडळी सूट-बूट घालून बघायला आली आणि बेसमेंटमध्ये गोठ्याचा वास. तेव्हापासून माझ्या शेड्यूलमध्ये "एसटीपी सीडिंग" अशी वेगळी ओळ असते, हँडओव्हरच्या पंचेचाळीस दिवस आधी.

कशावर अवलंबून आहे हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही हे उत्तर साहेबांना दाखवाल आणि ते म्हणतील ताईंचं ठीक आहे. कॉन्ट्रॅक्ट आयटम रेट असेल, म्हणजे जेवढं काम तेवढं बिल, तर मटेरियल वाचवल्याचा फायदा बराचसा क्लायंटला जातो, मग तुमच्या मॅनेजमेंटला त्यात रस का असेल? तिथे आधी व्हॅल्यू इंजिनिअरिंगचा (बचत सुचवली तर वाटणी मिळण्याचा) क्लॉज आहे का बघा, नसेल तर राफ्टच्या मिक्ससारखा एखादा बदल घेऊन क्लायंटशी वाटणीची बोलणी करा. लम्पसम, म्हणजे एकच ठरलेली रक्कम असेल तर प्रत्येक वाचलेला ब्लॉक तुमचाच, तिथे समजवायची गरज नाही. डेव्हलपरचं गणित तिसरंच, त्याला यूडीसीपीआरमध्ये (राज्याच्या बांधकाम नियमावलीत) ग्रीन रेटिंगप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय म्हणजे जादा बांधकाम मिळतं, म्हणून तो प्लॅटिनम रेटिंगच्या मागे लागतो, आणि त्यात काही गैर नाही, पण ते त्याच्या यशाचं माप आहे, तुमच्या साइटचं नाही. तुमचा क्लायंट लिस्टेड आहे म्हणजे चौथाच प्रकार, मार्केट कॅपने पहिल्या १,००० कंपन्यांना सेबीचा बीआरएसआर (पर्यावरण-सामाजिक जबाबदारीचा) रिपोर्ट २०२२-२३ पासून सक्तीचा आहे, त्यासाठी त्यांना आकडे लागतात आणि ते आकडे तुमच्या साइटवर तयार होतात. तो विचारतोय ते तुम्हाला छळायला नाही, त्याच्यावरही कोणीतरी बसलंय.

म्हणून त्यांना चकचकीत प्रेझेंटेशन देऊ नका, महिन्याच्या रिपोर्टमध्ये प्लॅन्ड-अ‍ॅक्चुअलच्या तक्त्याखालीच चार ओळी वाढवा: डिझेल किती लिटर, पाणी किती टँकर, मलब्याच्या किती गाड्या कुठे गेल्या, आणि काँक्रीटच्या घनमीटरमागे सिमेंट किती किलो. स्टोअरकीपरकडे ह्यातलं सगळं चलनांवर असतंच, फक्त कोणी बेरीज करत नाही. दोन-तीन महिन्यांनी हेच आकडे तुम्हालाच बोलायला लागतात. आमचं डिझेल एका महिन्यात अचानक वाढलं तर ते गाळ उपसायचे पंप निघाले, शोधलं तर उपसलेलं पाणी सोडायच्या ड्रेनला भोक, म्हणजे पाणी फिरून फिरून तेच येत होतं.

कन्सल्टंट घ्यायचाच असेल तर घ्या, सर्टिफिकेटचे कागद त्यालाच कळतात, मला त्यांच्याशी वैर नाही. फक्त त्याला प्लॅनिंगच्या मीटिंगला बसवा, महिनाअखेरीच्या फोटो सेशनला नको.

तुमच्या जागी मी असते तर ह्या आठवड्यात ती दोन पानं काढून प्रत्येक वाक्यापुढे तीन रकाने आखले असते, शेड्यूलमधली कुठली अ‍ॅक्टिव्हिटी, कोणाचं नाव, कोणाचे पैसे. ज्या वाक्यापुढे तिन्ही रकाने भरत नाहीत ती वाक्यं घेऊन साहेबांकडे जा, तेव्हा बोलणं "ग्रीन पाहिजे की नको" ह्यावर न होता "हे कोण करणार" ह्यावर होईल, आणि साहेब लोकांना ती भाषा बरोबर कळते. राफ्टचं मिक्स डिझाइन फायनल झालंय का, आणि तात्पुरत्या कनेक्शनचा अर्ज गेलाय का, हे दोन आधी कळवा. आणि कॉन्ट्रॅक्ट आयटम रेट आहे की लम्पसम ते लिहायचं राहून गेलंय तुमचं, ते कळलं तर राफ्टच्या वाटणीबद्दल जास्त नेमकं सांगता येईल.